आधी काटा, मग झाडू: चाळीस घरांपासून देशभर कचरा कमी करायची पद्धत

आमची पहिली स्वच्छता मोहीम फार देखणी झाली होती. शंभरेक माणसं, सगळ्यांच्या हातांत मोजे, दोन तासांत ओढ्याचा काठ लख्ख. भरलेली पोती एका कोपऱ्यात रचली, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि घरी गेलो. पोती उचलायला गाडी कोण सांगणार, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पोती फाडली, चौथ्या दिवशी पाऊस आला आणि आठवडाभरात काठ होता तसा झाला. थोडा जास्तच घाण झाला, कारण आता पोत्यांच्या चिंध्याही त्यात होत्या.

नंतर हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं की पोत्यांत काय होतं, किती होतं आणि कुठून आलं होतं, यातलं काहीच आम्हाला माहीत नाही. कचरा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, एवढंच झालं होतं. पुढच्या वेळी आम्ही झाडूच्या आधी वजनकाटा आणला. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम बदलला तर काय बिघडतं, तेही जागोजागी सांगितलं आहे, कारण बहुतेक चुका आम्ही स्वतः करून बघितल्या आहेत.

पायरी १: चाळीस घरं घ्या, चारशे नाही

सुरुवात एका इमारतीपासून किंवा एका गल्लीपासून करा. तीस ते पन्नास घरं पुरेत. एवढ्या घरांत प्रत्येक दार वाजवता येतं, माणसं नावाने ओळखू येतात आणि काही बिनसलं तर संध्याकाळपर्यंत कळतं. चारशे घरांत हेच काम पत्रकांवर सोपवावं लागतं, आणि पत्रक वाचून कुणी डबा बदलल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही धरून चार-पाच माणसं हवीत. त्यांतला एक हिशेबाचा असू द्या, एक गोड बोलणारा आणि एक असा की ज्याला हात घाण व्हायचं काही वाटत नाही. तिसरा सगळ्यांत दुर्मिळ. तो सापडेपर्यंत बैठका घेत बसू नका, शोधत राहा.

पायरी २: सात दिवस वजन करा

सण, सुट्ट्या, लग्नकार्य नसलेला साधा आठवडा निवडा. घरोघरी जाऊन एवढंच सांगा: या आठवड्यात काहीही बदलू नका, नेहमीसारखाच कचरा टाका, फक्त पिशवीवर घराचा क्रमांक चिकटवा. नाव लिहायचं नाही. कुणाच्या पिशवीत काय निघालं याची चर्चा एकदा जरी बाहेर गेली, तरी त्या घराचं दार पुन्हा उघडत नाही.

लागणारं सामान: स्प्रिंगचा किंवा डिजिटल काटा, जाड ताडपत्री, जाड हातमोजे, मास्क, चिमटे, सुया-ब्लेडसाठी झाकणाचा कडक डबा, दहा बादल्या आणि एक वही. पिशव्या एकेक करून आधी मिश्र वजन घ्या, मग ताडपत्रीवर उपसून ढीग पाडा. स्वयंपाकघरातली सालं-देठं, न खाता टाकलेलं अन्न, झाडपाला, कागद-पुठ्ठा, टणक प्लास्टिक, पातळ पिशव्या आणि पुड्या, काच-धातू, कापड, डायपर आणि सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या-वायरी-औषधं, आणि कशातच न बसणारं. पहिले दोन ढीग वेगळेच ठेवा. साल टाकावीच लागते, पण न खाल्लेलं अन्न टाकायची गरज नसते. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

दारोदार फिरताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: “अहो, आमच्याकडे फारसा कचरा निघतच नाही.” हे म्हणणाऱ्याला खोटं ठरवायची गरज नाही, सातव्या दिवशी आकडा आपला बोलतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाने जगभरची सरासरी माणशी रोज ०.७४ किलो धरली होती. देशादेशांत ती ०.११ पासून ४.५४ किलोपर्यंत बदलते. जगाची एकूण बेरीज २०१६ साली २०१ कोटी टन होती आणि त्यातला सुमारे ४४ टक्के भाग अन्न आणि हिरवा पाला होता. तुमची टक्केवारी यापेक्षा बरीच वेगळी निघू शकते. म्हणून तर काटा आणला.

आठव्या दिवशी एकाच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: इतकी घरं, इतकी माणसं, माणशी इतके ग्रॅम, त्यात ओला इतका, विकता येण्यासारखा इतका, उरलेला इतका. हा कागद जिन्यात किंवा गल्लीच्या तोंडाशी लावा. दर तीन महिन्यांनी तीन दिवस पुन्हा वजन घ्यायचं आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहायचा. जुना कागद काढून टाकू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार?

पायरी ३: वेगळं करायला सांगण्याआधी दुसरं टोक शोधा

इथे बहुतेक उपक्रम घसरतात. लोकांना दोन डबे करायला सांगितले जातात, लोक महिनाभर करतातही, आणि मग एका सकाळी कुणीतरी खिडकीतून बघतं की दोन्ही डबे एकाच गाडीत एकत्र ओतले जाताहेत. तेवढं एक दृश्य पुरतं. त्यानंतर वर्षभर कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही.

म्हणून प्रत्येक ढिगासमोर आधी एक नाव लिहा: हे कोण नेणार, कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेत. भंगारवाल्याकडे बसून विचारा की तो काय घेतो आणि काय हातही न लावता परत पाठवतो. तेलकट पुठ्ठा चालतो का, बाटलीचं झाकण वेगळं हवं का, काच फुटकी चालते का, हे सगळं तो दहा मिनिटांत सांगतो. जे कुणीच नेत नाही ते घरात वेगळं करायला सांगू नका. तो ढीग वहीत नोंदवा आणि ठेवून द्या, पायरी ९ मध्ये त्याच्याकडे परत येऊ.

तुमच्या भागात आधीपासून कचरा वेचून जगणारी माणसं असतील तर पहिली बैठक त्यांच्यासोबत घ्या. तुमच्या नव्या व्यवस्थेने त्यांचा माल आधीच विकला गेला, तर तुम्ही कचरा कमी न करता कुणाचा तरी रोजगार कमी केलेला असेल. याउलट त्यांना व्यवस्थेत घेतलं की काम पक्कं होतं. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि त्यातून २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कोलंबियात बोगोटाच्या कचरावेचकांनी आपल्या कामाला मान्यता मिळावी म्हणून न्यायालयापर्यंत लढा दिला. त्यांच्या नेत्या नोरा पादिया यांना पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार २०१३ साली मिळाला. मालाची पारख या लोकांइतकी कुणालाच नसते. हाताच्या चिमटीत चुरगाळून, आवाजावरून प्लास्टिक ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ४: ओला कचरा जागीच जिरवा

मला विचाराल तर अर्धी लढाई इथेच आहे. ओला कचरा सुक्यात मिसळला की कागद भिजतो, प्लास्टिक माखतं, वास सुटतो आणि विकता येण्याजोगा मालही फेकण्याजोगा होतो. तोच ओला कचरा कचरा-डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ओला बाजूला काढला की बाकीचा कचरा कोरडा, हलका आणि बिनवासाचा राहतो, आणि तो हाताळायला कुणी नाही म्हणत नाही.

हिशेब असा करा. चाळीस घरं, एकशे साठ माणसं, माणशी अर्धा किलो म्हणजे रोज ८० किलो. त्यातला निम्मा ओला धरला तर ४० किलो. साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच असे जाळीदार बाजूंचे हौद लागतील. चार हौदांपासून सुरुवात करा, पण जागा सहांची राखा. कचरा रोज दबत जातो, त्यामुळे हौद वाटतो त्यापेक्षा उशिरा भरतो. हौद विटांचा चालेल, लाकडी फळ्यांचा चालेल, तारेच्या जाळीचाही चालेल. फक्त बाजूंनी हवा जायला हवी, वर पाऊस नको आणि तळाशी पाणी साचायला नको.

भरण्याची पद्धत: तळाला वीतभर काटक्या आणि जाडसर पाचोळा. त्यावर ओल्या कचऱ्याचा चार बोटं थर, त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका माल: वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. मग मूठभर तयार खत किंवा माती, म्हणजे जिवाणूंचं विरजण. पुन्हा ओला, पुन्हा सुका. सगळ्यांत वरचा थर नेहमी सुकाच. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतो, पाचोळ्यात कर्ब. जिवाणूंना एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब मानवतो. हे प्रमाण मोजत बसायची गरज नाही, नाक मोजतं. अमोनियाचा तिखट वास आला तर नत्र जास्त झाला, पाचोळा घाला. ढीग थंड पडून ढिम्म बसला असेल तर ओला माल किंवा पाणी कमी पडतंय.

ओल किती हवी ते मूठ सांगते. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर फार ओलं, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. आतली गरमी बघायला लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवली नाही तर काम झकास चाललंय. ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान काही दिवस टिकलं की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. चाळवताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर करायचा तो याचसाठी.

आमचा दुसरा हौद तीन आठवड्यांत बिघडला. सकाळी जिन्यातून उतरतानाच सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि दोन घरांनी उपक्रम बंद करा असं लेखी दिलं. फावड्याने खणत गेलो. वरचा वीतभर थर ठीक होता. त्याखाली काळा, चिकट, एकजीव थर, जणू ओल्या पुठ्ठ्याची गादी. तळाशी गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आठ दिवसांचं शिळं अन्न. पाणी तिच्याभोवती अडकलं होतं आणि हवा कुठूनच शिरत नव्हती. सगळा माल ताडपत्रीवर काढला, पिशवी फेकली, एका भागाला दोन भाग वाळका पाला मिसळला आणि सैलसर परत भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी फावडं घातलं तर वाफ निघाली आणि पावसानंतरच्या मातीचा वास. तेव्हापासून हौदावर पाळीने काम करणाऱ्याच्या हातात एकच नियम: पिशवी हौदाच्या बाहेर रिकामी करायची, डोळ्यांनी बघायची, मगच आत. आणि पाचोळ्याचं पोतं संपत आलं की ओला कचरा घेणं थांबवायचं. पाचोळा नसेल तर हौद म्हणजे नुसती सडवायची जागा.

अळ्या दिसल्या तर घाबरू नका, वर सुका थर वाढवा. उंदीर यायला लागले तर मांस, मासे आणि तेलकट अन्न काही दिवस बंद ठेवा आणि जाळी बारीक करा. दोन ते तीन महिन्यांत माल काळा, भुसभुशीत आणि बिनवासाचा होतो. खात्रीसाठी मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवसांनी हुंगा. वास आला तर अजून कच्चं आहे. लवकर उगवणारं बी त्यात पेरून बघा, कच्च्या खतात ते नीट उगवत नाही.

हौदांना जागाच नसेल तर घरोघरी टोपली. जपानचे कोजी ताकाकुरा यांनी इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात स्थानिक आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू वापरून टोपलीतल्या कंपोस्टची पद्धत बसवली. ती हजारो घरांत पोहोचली ती महिला मंडळं आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांमुळे, कारण टोपली बिघडली की दुरुस्त करायला शेजारीण हजर असायची. यंत्र विकत घेऊन काम भागेल असं वाटत असेल तर एकदा त्याचं वीजबिल आणि देखभाल विचारा. महागडी यंत्रं बंद पडून कपडे वाळत घालायच्या कामी आलेली पाहिली आहेत.

आता न खाल्लेल्या अन्नाचा ढीग. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. हा ढीग कंपोस्टने कमी होत नाही, त्याची फक्त सोय लागते. तो कमी करायला फ्रिजमध्ये एक खण ‘आधी हे संपवा’ म्हणून राखणं आणि वाया गेलेलं सात दिवस घरच्या घरी लिहून काढणं, एवढ्याने फरक दिसतो. जास्तीचं शिजवलेलं अन्न वाटायचं असेल तर किती वाजता शिजलं याची चिठ्ठी डब्यावर असल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ५: सुका कचरा

यात फार सांगण्यासारखं नाही. कोरडा, रिकामा, विसळलेला. आठवड्याचा एक दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. सुरुवातीला दोनच भाग: विकला जाणारा आणि न विकला जाणारा. सवय बसली की वाढवा. जपानमधल्या सुमारे दीड हजार वस्तीच्या कामिकात्सु गावाने २००३ साली शून्य कचऱ्याची घोषणा केली. तिथे चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी होते आणि सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. तिथे कचऱ्याची गाडी दारी येत नाही, लोक स्वतः केंद्रावर आणून टाकतात. चाळीसचा आकडा ऐकून पहिल्याच दिवशी पंधरा रंगांचे डबे मांडणारे उत्साही लोक असतात. त्यांना थांबवा.

पहिला महिना डब्यांपाशी माणूस उभा ठेवा. चुकलेला डबा परत करू नका आणि दंडही लावू नका. चुकलेली वस्तू काढून दाखवा, का ते सांगा, आणि हसत पुढच्या डब्याकडे वळा. काचेचे तुकडे कागदात गुंडाळून वर खूण. औषधं, बॅटऱ्या, दिवे वेगळ्या खोक्यात. उरलेलं काहीही पेटवायचं नाही: उघड्यावर प्लास्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि धूर आपल्याच नाकात जातो.

पायरी ६: वस्तू कचरा होण्याआधी गाठा

इथे आलं की लोकांना मजा येऊ लागते. दर महिन्याला एक दुरुस्तीची दुपार ठेवा. ही कल्पना मार्टिन पोस्टमा यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला ‘रिपेअर कॅफे’ नावाने सुरू केली. आज असे अडीच हजारांहून जास्त कॅफे जगभर आहेत. तीन तास, चार-पाच टेबलं: वीजवस्तू, शिवण, सायकल, लाकूडकाम. दारात एक जण वस्तूची नोंद करतो: काय, किती वर्षं जुनी, काय बिघडलं. मालकाने दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं, वस्तू ठेवून जायचं नाही. हा नियम मोडला की दुपारचं फुकट गॅरेज होतं आणि दुरुस्त करणारे दोन महिन्यांत पळून जातात.

वीजवस्तू उघडण्याआधी प्लग काढलेला आहे ना, हे दोघांनी बघायचं. दुरुस्तीनंतर वायरचं आवरण, पकड आणि अर्थिंग तपासल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचाच नाही, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा भार राहू शकतो. पुष्कळदा दोष क्षुल्लक असतो: तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, अडकलेलं बटण. जी वस्तू उघडताच येत नाही, चिकटवून टाकलेली असते, तिचा प्रकार वहीत लिहा. पुढे तिचा उपयोग आहे.

त्याच दिवशी बाजूला देवघेवीचं टेबल मांडा. जगात याची दोन सोपी रूपं पसरली: २००३ साली अमेरिकेत टक्सन इथून निघालेलं ‘फ्रीसायकल’ आणि २०१३ चं ‘बाय नथिंग’. दोन्हींत व्यवहार फुकट आणि शेजारापाजारात. तुमच्या टेबलाला एकच नियम पुरे: संध्याकाळी उरलेली वस्तू आणणाऱ्यानेच परत न्यायची. हा नियम नसेल तर तुमच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांचं संग्रहालय तयार होतं.

पायरी ७: दुसरी वस्ती, मग तिसरी

सहा महिन्यांचे आकडे हाती आल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका. मग तीन भेटी ठरवा. पहिली: दुसऱ्या वस्तीतली चार माणसं तुमच्याकडे येऊन हौदात हात घालतात. दुसरी: त्यांच्या वजनाच्या आठवड्यात तुमची दोन माणसं तिकडे. तिसरी: साधारण महिन्याभराने, त्यांचा पहिला हौद बिघडतो तेव्हा. ही तिसरी भेट कुणाच्या नियोजनात नसते आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची.

त्यांना तुमचं नाव, फलक, रंग काही घ्यायला लावू नका. फक्त वहीचा तक्ता सारखा असू द्या: घरं, माणसं, ओला, सुका, उरलेला, तारीख. सहा रकाने. देशाच्या दुसऱ्या टोकाची वस्तीही हाच तक्ता भरत असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. देशव्यापी संस्था काढायची घाई करणाऱ्यांना मी हेच सांगतो: कार्यालय नंतर येऊ द्या, आधी तक्ता जाऊ द्या.

लोक टिकून कसे राहतात याचं सगळ्यांत आवडतं उदाहरण माझ्यासाठी आयर्लंडचं आहे. तिथली ‘टायडी टाउन्स’ स्पर्धा १९५८ साली ५२ गावांवर सुरू झाली आणि अजून चालू आहे. बक्षीस थोड्यांनाच मिळतं, पण भाग घेणाऱ्या प्रत्येक गावाला परीक्षकांचा लेखी अहवाल मिळतो: काय चांगलं, काय राहिलं, पुढच्या वर्षी काय करावं. तुम्हीही एकमेकांच्या वस्तीला वर्षातून एकदा भेट देऊन पानभर अहवाल लिहा. कौतुकाने सुरुवात करा आणि निदान दोन उणिवा नेमक्या लिहा. “छान काम चाललंय” असा अहवाल कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

पायरी ८: सगळ्या देशाचा एक दिवस

आता झाडू काढा. सामूहिक स्वच्छतेचा दिवस हे आमंत्रण असतं, आणि आमंत्रण म्हणून त्याच्याइतकं जोरदार दुसरं काही नाही. ऑस्ट्रेलियाचे दर्यावर्दी इयन किर्नन जगप्रदक्षिणेत समुद्रातला कचरा पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांच्या हाकेला जानेवारी १९८९ मध्ये सिडनीच्या बंदराची सफाई करायला सुमारे ४० हजार लोक आले. पुढच्याच वर्षी तो देशभरचा दिवस झाला. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी सुमारे ५० हजार लोकांनी, म्हणजे जवळपास १३ लाखांच्या देशात, पाच तासांत १० हजार टन बेकायदा कचरा उचलला. त्या पाच तासांमागे कित्येक महिन्यांची तयारी होती: स्वयंसेवकांनी आधी फिरून दहा हजारांवर ठिकाणं नकाशावर टिपली होती. त्यातूनच पुढे जागतिक स्वच्छता दिन आला. १५ सप्टेंबर २०१८ ला तो १५७ देशांत झाला आणि आता संयुक्त राष्ट्रांनी २० सप्टेंबर ही तारीख मान्य केली आहे.

तुमच्या दिवसाची तयारी उलटीकडून करा. शेवटचं पोतं कुठे जाणार ते आधी पक्कं, लेखी, वेळेसह. मग गाड्या. मग पोती, उचलतानाच वेगवेगळी. मग नकाशा, आणि प्रत्येक ठिकाणाला जबाबदार माणूस. लोकांना बोलावणं सगळ्यांत शेवटी. मुलांना रस्त्याकडेला आणि पाण्याजवळ पाठवू नका. सुया, ॲसिडच्या बाटल्या, फुटके सिमेंटचे पत्रे दिसले तर हात न लावता खूण करायची. प्रत्येक ठिकाणी काटा ठेवा. आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून जाताना एकच गोष्ट लिहून घ्या: तुमच्या वस्तीत वजनाचा आठवडा कधी घेणार? शंभरांतले पाच जरी तारीख देऊन गेले, तरी दिवस सार्थकी लागला.

रवांडात महिन्याचा शेवटचा शनिवार ‘उमुगांडा’ या सामूहिक कामासाठी राखलेला असतो. वर्षातल्या एका मोठ्या दिवसापेक्षा महिन्याचा ठरलेला छोटा दिवस मला जास्त भरवशाचा वाटतो. वर्षभराने येणाऱ्या दिवशी पुन्हा ओळखींपासूनच सुरुवात करावी लागते.

पायरी ९: उरलेल्या ढिगाची चौकशी

वर्षभरात ओला जागीच जिरतो, सुका विकला जातो, आणि मग ताडपत्रीवर एक हट्टी ढीग उरतो: अनेक थरांच्या पुड्या, डायपर, चिकटवलेल्या वस्तू. तुम्ही कितीही शिस्तीने वागलात तरी तो कमी होत नाही, कारण तो तसाच बनवलेला असतो. कामिकात्सुचंही शेवटचं घोडं इथेच अडलं आहे. इटलीतल्या कापान्नोरीचे प्राथमिक शिक्षक रोसानो एर्कोलिनी यांनी कचराभट्टीच्या विरोधातून काम उभं केलं आणि ते गाव २००७ साली शून्य कचऱ्याचं धोरण घेणारं युरोपातलं पहिलं ठरलं. तिथे उरलेला कचरा उपसून तपासायला एक संशोधन केंद्रच काढलं. कॉफीच्या कॅप्सूल, म्हणजे एका कपापुरती कॉफी भरलेल्या छोट्या डब्या, पुन्हा पुन्हा सापडल्या तेव्हा त्यांनी थेट उत्पादकांशी बोलणी सुरू केली. एर्कोलिनींनाही २०१३ चाच गोल्डमन पुरस्कार मिळाला.

तुमच्याकडे आता सारख्या तक्त्यांच्या वह्या आहेत. उरलेल्या ढिगातल्या वेष्टनांवरची नावं एक दिवस मोजा. ‘ब्रेक फ्री फ्रॉम प्लॅस्टिक’ ही चळवळ २०१८ पासून अनेक देशांत अशी मोजणी करते. एका वस्तीचं पत्र उत्पादक बाजूला ठेवू शकतो. दोनशे वस्त्यांनी एकाच महिन्यात, एकाच तक्त्यात मोजलेले आकडे बाजूला ठेवणं त्याला जड जातं. पत्र छोटं ठेवा: काय सापडलं, किती नग, किती वजन, कुणीच का नेत नाही, आणि उत्पादकाने नेमकं काय बदलायला हवं. वेष्टन एकाच थराचं करा, बाटली परत घ्या, झाकण उघडता येईल असं बनवा. उत्तराची मुदत लिहा.

हेच आकडे कायदा करणाऱ्यांकडेही न्या, आणि मागणी नेमकी ठेवा. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून घरांकडून वजनानुसार शुल्क घेतलं. तिथे आज ९० टक्क्यांहून जास्त अन्नकचरा वेगळा होऊन पुन्हा वापरात येतो. जर्मनीने २००३ साली एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर, त्या परत केल्यावर मिळणारी अनामत सक्तीची केली, तेव्हापासून बाटली रस्त्यावर पडली तरी कुणीतरी उचलतं. बांगलादेशाने २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली, कारण पुराच्या वेळी त्यांनीच गटारं तुंबवली होती. पण त्या पिशव्या तिथे अजून दिसतात, तेव्हा बंदीची मागणी करताना तपासणी कोण करणार आणि पर्याय काय, या दोन ओळी त्यात असू द्या.

काम हातातून हातात देताना

दोन वर्षांनी हिशेबाचा माणूस बदली होऊन जाईल, गोड बोलणारा कंटाळेल. त्याची तयारी पहिल्याच वर्षी करा. प्रत्येक पाळीला एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा. वजनाचा तक्ता एका माणसाच्या फोनमध्ये ठेवू नका, कागदाची वही सगळ्यांच्या हाताला लागेल अशा जागी असू द्या. भंगारवाल्याचा, गाडीवाल्याचा आणि पाचोळा देणाऱ्या माळ्याचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हौदांच्या कुलपाची किल्ली आमच्याकडे एकाच माणसाकडे होती. तो पंधरा दिवस परगावी गेला आणि ओल्या कचऱ्याच्या बादल्या कुंपणाला रांगेत उभ्या राहिल्या. आता तीन किल्ल्या आहेत, आणि त्यातली एक कायम अशा घरात असते जिथे दिवसभर कुणीतरी हजर असतं.